भागाकार चुकतोय, पण अडलंय वजाबाकीत

पाचवी-आठवीचे रिझल्ट लागले की आमच्या कोपरखैरण्यात माथाडी वसाहतीतल्या दोन-चार आया तरी माझ्या दारात येऊन उभ्या राहतात, हातात प्रगतिपुस्तक, मागे मान खाली घातलेलं पोर, आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "बाई, ह्याच्या डोक्यात काही शिरतच नाही हो." मी मराठी माध्यमाच्या शाळेत बरीच वर्षं शिकवलं, आता संध्याकाळी घरीच पंधरा-वीस मुलांना घेऊन बसते, आणि हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की म्हटलं एकदा सविस्तर लिहूनच काढू. डोक्यात शिरत नाही म्हणजे नक्की काय होतं, कुठे अडतं, आणि त्यात शिक्षकाला (आणि घरच्यांनाही) काय करता येतं.

आधी नियमाचं बोलू, कारण त्यावरून फार गोंधळ आहे. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 पासून, आणि त्यात आठवीपर्यंत कुणालाच नापास करायचं नाही असं होतं. 2019 साली कायद्यात बदल झाला आणि पाचवी-आठवीला परीक्षा घेऊन मागे ठेवायचं की नाही हे राज्यांवर सोडलं. आपल्या राज्याने 2023 मध्ये नियम बदलले आणि 2023-24 पासून या दोन वर्गांना वार्षिक परीक्षा सुरू झाली. मूल नापास झालं तर जादा मार्गदर्शन देऊन दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षा, तेव्हाही नाही जमलं तर त्याच वर्गात. शाळेतून मात्र काढता येत नाही, हे लक्षात ठेवा, कुणी घाबरवलं तर घाबरू नका.

आता हा नियम चांगला की वाईट यावर व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज भांडणं चालू असतात. मला त्या भांडणापेक्षा ते मधले दोन महिने महत्त्वाचे वाटतात. परीक्षा एवढंच सांगते की पोरगं अडलंय. कुठे अडलंय ते सांगत नाही. आणि ते शोधल्याशिवाय दोन महिने काय, दोन वर्षं शिकवलं तरी तेच होणार.

52 वजा 17 बरोबर 45

पाचवीतला एक मुलगा यंदा माझ्याकडे आला, वडील एपीएमसीत (वाशीच्या घाऊक बाजारात) कांदा-बटाटा मार्केटला. गणितात नापास. आईचं म्हणणं, भागाकार येत नाही. शाळेतही हेच सांगितलेलं, आणि महिनाभर त्याच्याकडून भागाकारच करून घेतलेले, वह्याच्या वह्या भरलेल्या, सगळीकडे लाल फुल्या.

मी भागाकार बाजूला ठेवला आणि त्याला तीन साध्या वजाबाक्या घातल्या. 52 वजा 17, त्याने लिहिलं 45. 81 वजा 36, लिहिलं 55. 70 वजा 24, लिहिलं 54. तिन्ही चूक. मी म्हटलं, बाळा, पहिलं कसं केलंस ते मला मोठ्याने सांग. तो म्हणाला, "पाचातून एक गेला, चार. सातातून दोन गेले, पाच."

सातातून दोन. गणितात होतं दोनातून सात. त्याने उलटं केलं, कारण त्याच्या डोक्यात नियम पक्का बसलेला, मोठ्यातून लहान वजा करायचं. बाकीची दोन गणितं बघा, तिथेही अगदी तेच केलंय. म्हणजे हा मुलगा निष्काळजी नव्हता, त्याने एक नियम धरला होता आणि तो इमानेइतबारे पाळत होता. आणि हा नियम त्याला दिला कुणी? आम्हीच! पहिली-दुसरीत आम्ही बायका घसा फोडून सांगतो की नेहमी मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करायची. पूर्ण संख्येबद्दल सांगतो, मूल प्रत्येक अंकाला लावतं. हातच्याची वजाबाकी आली त्या आठवड्यात हा गावी गेलेला, साताऱ्याकडे, आजीचं आजारपण होतं. परत आला तोवर वर्ग गुणाकारावर.

भागाकारात दर पायरीला वजाबाकी असते. वजाबाकी चुकली की भागाकार चुकणारच. म्हणजे चूक दिसत होती पाचवीच्या वहीत आणि होती दुसरीतली.

ठाणे-वाशी लोकलने जाणाऱ्यांना लगेच कळेल असं सांगते. वर्गाची गाडी ठाण्याहून सुटली, मूल रबाळ्याला उतरून राहिलं, गाडी आता तुर्भ्याला पोचलीये आणि बाई तुर्भे स्टेशनबद्दल बोलतायत. आपण काय करतो, तर तुर्भ्याची माहिती अजून मोठ्याने सांगतो, दोनदा सांगतो, क्लास लावून सांगतो. रबाळ्याला उभ्या असलेल्या पोराला त्याचा काय उपयोग? कुणीतरी मागे जाऊन आधी विचारायला हवं की बाबा, तू कुठल्या स्टेशनवर आहेस.

डोक्यात एका वेळी मावतं तरी किती

इथे एक शब्द समजून घ्यावा लागेल, कार्यकारी स्मृती. सोप्या भाषेत, आत्ता या क्षणी डोक्यात धरून ठेवलेल्या गोष्टी. कायमचं लक्षात राहतं ते वेगळं, ते गोदाम. ही म्हणजे हातात धरलेलं सामान.

तुम्हाला ओटीपी येतो ना, सहा आकडी. मेसेज बघून ॲपमध्ये टाकेपर्यंत तुम्ही तो मनात घोकत असता आणि तेवढ्यात कुणी विचारलं, "अहो, चहा टाकू का?" की गेला ओटीपी. तुमची बुद्धी कमी झाली का? नाही, जागाच तेवढी आहे. जॉर्ज मिलर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1956 मध्ये ही जागा साधारण सात गोष्टींची, दोन इकडे दोन तिकडे, असं मांडलं होतं, नंतरच्या अभ्यासांत तर ती चारच्या आसपासच निघाली. मोठ्या माणसांची ही गत, आठ-दहा वर्षांच्या मुलाची त्याहून कमी.

आमच्याकडे माथाडींच्या घरात हे समजवायला मला वेळ लागत नाही. गोणी 50 किलोच्या वर नको म्हणून मार्केटमध्ये किती वेळा आवाज उठवावा लागला ते इथल्या प्रत्येक घराला माहितीये. 50 च्या जागी 80 किलोची गोणी पाठीवर दिली आणि माणूस वाकला तर त्याला आळशी म्हणाल का? डोक्याचंही तसंच आहे. ज्या मुलाचे पाढे पाठ आहेत, त्याला भागाकार करताना पाढा हातात धरावा लागत नाही, तो गोदामातून आपोआप येतो, हात मोकळे राहतात. ज्याला सात आठे छप्पन्न शोधायला सात एके सातपासून सुरुवात करावी लागते, त्याचे दोन्ही हात तिथेच भरले, मग कुठला आकडा खाली घ्यायचा होता, कुठून वजा करायचं होतं, सगळं सांडतं. आपण म्हणतो लक्ष नाही. लक्ष असतं हो, हात भरलेले असतात.

म्हणून शिक्षकाने एका वेळी एकच नवी गोष्ट द्यावी. हे ऐकायला किती साधं वाटतं, पण आपण फळ्यावर काय करतो बघा, नवा शब्द, नवी पद्धत, वर उदाहरणात तीन आकडी संख्या, आणि तोंडाने भराभरा सूचना, वही काढा, समास सोडा, तारीख टाका. सूचना फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवल्या तरी पोरांचा निम्मा भार उतरतो. पहिली दोन गणितं पूर्ण सोडवून दाखवावीत, तिसरं अर्धं सोडवून द्यावं, चौथं त्याचं त्याने. नवी रीत शिकवताना आकडे सोपे घ्यावेत. रीत बसली की मग आकडे वाढवा.

गणित येतं, पण गणित वाचता येत नाही

हा अडथळा सगळ्यात जास्त हुकतो असं माझं मत आहे. शाब्दिक उदाहरण चुकलं की आपण गणित कच्चं म्हणतो. एकदा करून बघा, तेच उदाहरण तुम्ही मुलाला मोठ्याने वाचून दाखवा. "एका दुकानदाराने 3 क्विंटल 40 किलो कांदा घेतला, त्यातला 1 क्विंटल 75 किलो विकला, किती उरला?" ऐकून पटकन बरोबर सांगितलं, तर त्याचं गणित ठीक आहे, अडलंय वाचनात. दोन मिनिटांची तपासणी, पैसा लागत नाही, आणि यातून जे कळतं ते शंभर मार्कांच्या पेपरातून कळत नाही. (मार्केटवाल्यांची पोरं क्विंटलची गणितं तोंडी इतकी भराभर करतात की मला कागद लागतो, त्यांना लागत नाही.)

आपली देवनागरी शिकायला वाटते तेवढी सोपी नाही, हे आपण विसरलोय कारण आपण शिकून चुकलो. 'कि' बघा. उच्चार आधी क चा, मग इ चा, पण लिहिताना वेलांटी आधी येते. 'सूर्य' बघा, र चा उच्चार य च्या आधी, पण रफार बसलाय य च्या डोक्यावर. एकट्या र चे वेष किती, सूर्यमध्ये वर, ग्रहमध्ये तिरकी रेघ, राष्ट्रमध्ये खाली टोपीसारखा, तऱ्हेमध्ये अजून वेगळाच. जे मूल एकेक अक्षर लावत वाचतं, त्याला 'राष्ट्रीय' या शब्दाच्या शेवटाला येईपर्यंत सुरुवात आठवत नाही, आणि वाक्याच्या शेवटाला येईपर्यंत वाक्य. परत तेच, हात भरले. म्हणून वाचन नुसतं येऊन भागत नाही, ते सहज व्हावं लागतं, आणि सहज होण्यासाठी रोज थोडं मोठ्याने वाचणं याला दुसरा उपाय मला तरी सापडलेला नाही.

संख्यांची नावंही तशीच. लिहिताना 52, आधी पाच मग दोन, बोलताना बावन्न, म्हणजे दोन आधी. त्यामुळे श्रुतलेखनात मुलं 25 लिहून मोकळी होतात. एकोणतीसमध्ये ऐकू येतो तीस, मूल लिहितं 39. आठवत असेल, 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात जुन्या नावांसोबत 'वीस एक, वीस दोन' असंही वाचन दिलं होतं आणि केवढा गदारोळ झाला, विधानसभेपर्यंत विषय गेला. गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर त्या समितीच्या अध्यक्ष होत्या आणि त्यांनी जे कारण सांगितलं, की जोडाक्षरं आणि उलटा क्रम यामुळे लहान मुलं अडतात, ते वर्गात शिकवणाऱ्या कुठल्याही बाईला पटेल. नवी पद्धत हवी की नको यावर दुमत असू द्या. पण अडचण खरी आहे. मी स्वतः जुनीच नावं शिकवते, फक्त सुरुवातीचे काही दिवस 'बावन्न म्हणजे पन्नास आणि दोन' असं जोडीने म्हणून घेते.

घाबरलेल्या पोराचं काय होतं

भीतीही जागा खाते. ज्या मुलाच्या मनात "आता मला उठवतील, सगळे हसतील" हे चालू आहे, त्याच्या त्या चार जागांतल्या दोन तिथेच गेल्या. गणिताची धास्ती घेतलेल्यांवर झालेल्या अभ्यासांत हेच दिसतं की भीती कार्यकारी स्मृती अडवून बसते, म्हणून घरी आलेलं गणित परीक्षेत येत नाही. आई म्हणते काल तर करून दाखवलं होतंस. खरंच दाखवलेलं असतं.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आम्ही छड्या खाऊनच शिकलो, आमचं काय वाईट झालं. तुम्ही शिकलात, मान्य. तुमच्या बाकावरचा जो चौथीतून शाळा सोडून गेला, तो हे सांगायला इथे नाहीये. आणि शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हीला बंदी केलीये, 'ढ' म्हणणं, बाकावर उभं करून हसवणं हेही त्यात येतं.

माझीच एक चूक सांगते, अजून मनाला लागून आहे. सातवीची एक मुलगी सारखी शेजारणीच्या वहीत बघायची, काहीतरी कुजबुजायची. मी तिला दोनदा रागावले आणि शेवटी मागच्या बाकावर बसवलं, एकटीला. मार्क अजून घसरले. दिवाळीनंतर तिच्या मामाने डोळे तपासून आणले तर अडीच नंबर निघाला. तिला फळा दिसत नव्हता, ती शेजारणीला विचारायची की काय लिहिलंय. आणि मी तिला फळ्यापासून अजून लांब नेऊन बसवलं होतं. त्यानंतर दर जूनमध्ये पहिल्या आठवड्यात मी प्रत्येक मुलाला मागच्या भिंतीपाशी उभं करून फळ्यावरची ओळ वाचायला लावते, आणि पाठीमागून हळू आवाजात नाव घेऊन बघते की वळून बघतंय का. ही डॉक्टरी तपासणी नव्हे, पण कुणाला डॉक्टरकडे पाठवायचं ते कळतं.

मग वर्गात करायचं काय

पहिलं म्हणजे "कसं केलंस?" हा प्रश्न. उत्तर बरोबर असलं तरी विचारायचा, म्हणजे चुकल्यावरच विचारतात असं मुलांना वाटत नाही. त्या पाचवीच्या मुलाची तीन वर्षांची अडचण या एका प्रश्नात सापडली.

दुसरं, आठवून काढायला लावणं. हर्मन एबिंगहाउस यांनी 1885 मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की शिकलेलं सुरुवातीला फार झपाट्याने विसरतं. त्यावर उपाय परत परत वाचणं असा आपला समज, पण 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिक या दोघांच्या प्रयोगात उलटं दिसलं, नुसतं पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी पुढे होते आणि आठवड्याने मात्र पुस्तक मिटून आठवून लिहिणारे पुढे गेले. आपल्याकडे दिवेलागणीला परवचा म्हणायची पद्धत होती, आजी बसवायची, पाढे, पावकी-निमकी (पाव आणि अर्ध्याचे पाढे), श्लोक, सगळं पुस्तकाशिवाय. ती पद्धत हेच करत होती. फक्त पाढा गाण्यासारखा एका दमात म्हणण्याबरोबर मधूनच विचारायला हवा, आठ सक किती, छप्पन्न कुठल्या पाढ्यात येतात. तास सुरू होताना कालचे दोन, मागच्या आठवड्यातला एक आणि मागच्या महिन्यातला एक प्रश्न, पाटीवर लिहून सगळ्यांनी एकदम पाटी वर करायची. मार्क नाहीत, नाव नाही. तीस पाट्या एका नजरेत दिसतात आणि कोण कुठे आहे ते बाईला कळतं. बोट वर करणाऱ्या त्याच चार मुलांना विचारत राहिलो तर वर्गाला येतंय असं वाटत राहतं, येत असतं चौघांनाच.

तिसरं, पातळीनुसार गट, आणि याला मी सगळ्यात जास्त वजन देते. 'प्रथम' ही संस्था मुंबईच्या वस्त्यांमध्येच 1990 च्या दशकात सुरू झाली. त्यांची वाचनाची तपासणी अगदी साधी आहे, एका कागदावर अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल सहज कुठपर्यंत वाचतं ते बघायचं, एका मुलाला पाच-सात मिनिटं. 2005 पासून देशभर ग्रामीण भागात ते 'असर' नावाचं सर्वेक्षण करतात त्यात हाच कागद असतो. 2024 च्या असरमध्ये सरकारी शाळांतल्या पाचवीच्या 44.8 टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचं वाचता आलं. म्हणजे निम्म्याहून जास्त मुलांपुढे पाचवीचं पुस्तक उघडं आहे आणि ती रबाळ्याला उभी आहेत. आपली नवी मुंबई त्या सर्वेक्षणात येत नाही, पण माझ्याकडे येणारी मुलं बघून मला हा आकडा परका वाटत नाही.

तपासणी झाली की दिवसातला तास-दीड तास इयत्ता विसरायची. अक्षरवाले एकत्र, शब्दवाले एकत्र, मग ते तिसरीचे असोत की पाचवीचे, आणि प्रत्येक गटाला जिथे आहे तिथून पुढे न्यायचं. मुंबई आणि बडोद्यात 2000 च्या सुमाराला 'बालसखी' म्हणून असा एक उपक्रम होता, वस्तीतल्याच शिकलेल्या मुली तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना दिवसाला दोनेक तास वेगळं बसवून शिकवायच्या. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो मोजून बघितला आणि मुलांच्या मार्कांत खरंच सुधारणा दिसली. पुढे 2019 मध्ये या दोघांना मायकल क्रेमर यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते गरिबीवरच्या अशाच प्रत्यक्ष प्रयोगांसाठी.

"एवढ्या पोरांत एका बाईला कसं जमणार?"

कायद्याने प्राथमिकला 30 मुलांमागे आणि सहावी ते आठवीला 35 मुलांमागे एक शिक्षक हवा. प्रत्यक्षात काय असतं ते सांगायला नको. वर ऑनलाइन माहिती भरा, फोटो अपलोड करा, बीएलओचं (मतदार यादीचं) काम करा. शिक्षकांची तक्रार शंभर टक्के खरी आहे आणि ती सरकारने ऐकायलाच हवी.

पण मला अनुभवाने असं दिसलंय की चाळीस मुलांच्या चाळीस वेगळ्या अडचणी नसतात. चार-पाच असतात. सातातून दोन वजा करणारे त्या वर्गात अजून सात-आठ जण निघतील. चाळीस वह्या प्रत्येक चुकीवर फुली मारत तपासण्यापेक्षा एका दिवशी फक्त दहा वह्या घ्या आणि चूक कुठल्या प्रकारची आहे एवढंच बाजूला लिहा, दुसऱ्या दिवशी त्या सात-आठ जणांना वीस मिनिटं फळ्यापाशी बोलवा. वेळ वाचतो, वाढत नाही.

"मग पोर्शन कोण पूर्ण करणार?"

पोर्शन पूर्ण झाला म्हणजे बाईंचा झाला. ज्याला तिसरीचं वाचन येत नाही त्याच्यासमोर पाचवीचे सगळे धडे संपवले तर त्याचा काहीच पूर्ण झालेला नसतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्येही पायाभूत वाचन आणि गणित नसेल तर बाकीचं धोरण निरर्थक ठरेल अशा अर्थाचं स्पष्ट लिहिलंय, आणि 2021 चं निपुण भारत अभियान त्याच्यासाठीच आहे. जून-जुलैचे सहा आठवडे मागचं पक्कं करण्यात घालवले तर पुढचं वेगात होतं, हे मी प्रत्येक मुख्याध्यापकांना सांगत आले. काहींनी ऐकलं.

"तपासणी केली तर पोरावर शिक्का बसेल"

काही मुलांची गोष्ट मात्र वेगळी असते. मूल बोलायला हुशार, गोष्ट ऐकली की जशीच्या तशी सांगतं, दोन वर्षं नीट शिकवूनही वाचन मात्र पुढे सरकत नाही, ब-व, घ-ध यांत सतत गोंधळ, एकाच पानावर एक शब्द तीन प्रकारे लिहिलेला. डोळे, कान ठीक आहेत. तेव्हा अध्ययन अक्षमता असू शकते, तुम्ही डिस्लेक्सिया हा शब्द ऐकला असेल, तो त्यातलाच एक प्रकार. याचा बुद्धीशी संबंध नाही. मतिमंदत्व तर अजिबातच नाही, आणि हे मी आयांना तीन-तीनदा सांगते कारण तपासणीने शिक्का बसेल ही भीती त्यातूनच येते.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे. महाराष्ट्राने तर 1996 पासूनच अशा मुलांना परीक्षेत सवलती दिल्यात, जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांना माफी वगैरे. त्यासाठी सर्टिफिकेट लागतं आणि ते साधारण आठ वर्षांनंतरच मिळतं, कारण त्याआधी उशिरा शिकणारं मूल कोणतं आणि अडचण असलेलं कोणतं हे नक्की सांगता येत नाही. सायनच्या हॉस्पिटलमध्ये यासाठी फार वर्षांपासून क्लिनिक आहे, आपल्याकडचे बरेच पालक तिथे जातात. नंबर लागायला वेळ लागतो, म्हणून दहावी तोंडावर आल्यावर धावू नका. आणि सर्टिफिकेट हातात पडेपर्यंत शिकवणं थांबवू नका, शब्दातले आवाज सुटे करून शिकवणं, हाताने गिरवून, तोंडाने म्हणून, छोट्या छोट्या पायऱ्यांनी, हे अशा मुलांना लागतंच आणि बाकीच्यांनाही त्याने फायदाच होतो.

रिझल्ट हातात आहे, आता पुढे काय

शाळेत जा आणि उत्तरपत्रिका दाखवायची विनंती करा. किती मार्क ते माहितीच आहे, चुका कुठे आहेत ते बघा. बाईंना विचारा, "ह्याला मागच्या कुठल्या इयत्तेपासूनचं येत नाहीये?" हा प्रश्न नम्रपणे विचारला तर चांगल्या शिक्षकाला राग येत नाही, उलट बरं वाटतं की पालक मार्कांपलीकडचं विचारतायत. घरी रोज पंधरा मिनिटं मोठ्याने वाचन, पुस्तक त्याच्या इयत्तेचं नसलं तरी चालेल, त्याला वाचता येईल असं हवं. तुम्हाला स्वतःला वाचता येत नसेल तरी समोर बसून ऐका.

त्या पाचवीच्या मुलाला मी खराट्याच्या काड्या दिल्या, दहा-दहाच्या जुड्या, रबर लावून. 52 म्हणजे पाच जुड्या आणि दोन सुट्या. आता यातून सतरा मला दे. एक जुडी दिली, मग सात काड्या द्यायच्या होत्या, हातात दोनच. बराच वेळ नुसता बघत राहिला. मी काही बोलले नाही, बोलायचा फार मोह होतो पण बोलायचं नसतं. मग त्याने हळूच एका जुडीचं रबर काढलं आणि माझ्याकडे बघितलं, चालेल ना असं. मी मान हलवली. सात मोजून दिल्या, उरलेल्या मोजल्या, तीन जुड्या आणि पाच. पाटीवर स्वतःचं 45 पुसून 35 लिहिलं.

ही गोष्ट तीन आठवड्यांपूर्वीची. 70 वजा 24 ला अजून दोन दिवस लागले, शून्यातून द्यायचं म्हटलं की तो थांबतो. काड्या आता लागत नाहीत, पण शून्य आलं की बोटं हवेत रबर काढल्यासारखी हलतात. पुन्हा परीक्षा पुढच्या बुधवारी आहे, भागाकार कालपासून सुरू केलाय, एक अंकी भाजकाचा जमतोय, दोन अंकी अजून घेतलेला नाही.